दार, पायऱ्या आणि पुस्तके

पोलादाच्या धंद्यात अमाप संपत्ती मिळवून ती ग्रंथालयांसाठी देणारा धनिक म्हणून अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव जगाला ठाऊक आहे. त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या २५०९ ग्रंथालयांच्या इमारती कशा होत्या, त्यांत वाचकाला आपली वाट कशी सापडत असे आणि कोणाला ती सापडत नसे, याचा त्यांच्या चरित्राच्या ओघात घेतलेला हा मागोवा.

सर्वांना प्रवेश आहे, असा फलक दारावर लावणे सोपे असते. पण नवखा माणूस त्या दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न फलकाने सुटत नाहीत. आत शिरल्यावर कोणत्या दिशेला वळायचे, चौकशी कोणाकडे करायची, आपले कपडे आणि आपली बोली पाहून कोणी हटकणार तर नाही ना, आणि मुळात दारापुढच्या या पायऱ्या आपल्याला चढता येतील का? या प्रश्नांची उत्तरे इमारतीचा आराखडा देत असतो. दार कुठे, खिडकी किती उंचीवर, टेबल कोणासमोर, भिंत कुठे आणि मोकळी जागा कुठे, यावरून त्या वास्तूत कोण सहज वावरणार आणि कोण बिचकून परत फिरणार हे ठरत जाते.

सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास या दृष्टीने पाहू लागले की अँड्र्यू कार्नेगी हे नाव वारंवार समोर येते. कार्नेगी वास्तुविशारद नव्हते, ग्रंथपालही नव्हते. त्यांचे शालेय शिक्षणसुद्धा जेमतेम झाले होते. तरीही इंग्रजी भाषिक जगातल्या शेकडो लहान गावांमध्ये ग्रंथालय म्हणजे कशी इमारत, याची कल्पना त्यांच्या देणग्यांनी घडवली. त्या इमारतींमधली मोकळीक आणि त्यांमधले अडसर या दोन्हींचे धागेदोरे त्यांच्या आयुष्यात सापडतात.

बंद फाटकाबाहेरचा मुलगा

२५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी अँड्र्यूचा जन्म झाला. वडील विल्यम हे तागाचे नक्षीदार कापड विणणारे हातमाग विणकर होते. खाली माग आणि वर राहण्याची खोली, असे ते विणकरांचे घर. गावातल्या विणकरांना वाचनाची आवड होती. आपापल्या घरची थोडीथोडकी पुस्तके एकत्र करून त्यांचे फिरते ग्रंथालय सुरू करणाऱ्या विणकरांमध्ये आपले वडील होते, याचा अभिमान कार्नेगी यांनी पुढे आयुष्यभर बाळगला.

अँड्र्यूचे आजोळ मॉरिसनांचे. हे घराणे राजकीय हक्कांसाठी भांडणारे म्हणून गावात प्रसिद्ध होते. गावाला लागूनच पिटनक्रीफ नावाची मोठी खासगी इस्टेट होती. तिच्या हद्दीत झाडीने भरलेली दरी होती आणि गावाच्या पुरातन मठाचे व राजवाड्याचे अवशेष तिला लागून होते. त्या अवशेषांपर्यंत जाण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य व्हावा म्हणून आजोबा थॉमस मॉरिसन यांनी इस्टेटीच्या मालकाशी झुंज दिली. त्याचा परिणाम असा झाला की, वर्षातून एके दिवशी गावकऱ्यांसाठी बागेचे फाटक उघडले जाई, तेव्हाही मॉरिसनांच्या वंशजांना तेथे प्रवेश नसे. इतर मुले आत जात आणि अँड्र्यू बाहेर राही. प्रवेश नाकारला जाणे म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही पुस्तकाआधी या फाटकाने शिकवले.

वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाचा धंदा बुडाला. घर चालेनासे झाले. १८४८ साली उसनवारी करून कार्नेगी कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली आणि पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गलगतच्या अ‍ॅलेघनी येथे ते राहू लागले. तेव्हा अँड्र्यू अवघा बारा वर्षांचा होता. कापडगिरणीत धाग्याच्या रिळांची ने-आण करण्याचे काम त्याला मिळाले. दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सहा दिवस, आणि मजुरी आठवड्याला एक डॉलर वीस सेंट.

रस्ते पाठ करणारा पोऱ्या

त्यानंतर लवकरच पिट्सबर्गच्या तार कचेरीत तारा पोचवणारा पोऱ्या म्हणून त्याला नोकरी लागली. शहर अनोळखी आणि काम पत्ते शोधण्याचे. आपल्याला पत्ते सापडले नाहीत तर नोकरी जाईल, ही धास्ती त्याच्या मनात होती. मग त्याने एक युक्ती केली. व्यापारी पेठेतल्या रस्त्याच्या एका बाजूच्या पेढ्यांच्या पाट्या क्रमाने टिपायच्या, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि रात्री त्या क्रमाने म्हणून पाहायच्या. काही दिवसांतच डोळे मिटून त्याला आख्खा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगता येऊ लागला. पुढे त्याने माणसांचे चेहरेही पाठ केले. त्यामुळे तारेचा धनी रस्त्यातच भेटला तर तेथेच तार त्याच्या हाती देता येई.

वाट सापडण्यासाठी केवढे कष्ट पडतात, हे या मुलाला असे कळले. वस्तू क्रमाने मांडलेल्या असल्या, खुणा ठळक असल्या आणि नजरेला पुढचे दिसत असले, तर परका माणूसही चटकन रुळतो. पन्नास-साठ वर्षांनी त्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या खोल्यांमध्ये नेमकी हीच सोय होती.

याच काळात त्याला एक दार उघडे सापडले. कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या सद्गृहस्थांनी आपला सुमारे चारशे पुस्तकांचा संग्रह काम करणाऱ्या मुलांसाठी खुला केला होता. दर शनिवारी जायचे, एक पुस्तक परत करायचे आणि दुसरे घ्यायचे. अँड्र्यूच्या वाचनाची भूक येथे भागू लागली. पुढे या संग्रहाचे रीतसर ग्रंथालय झाले, तेव्हा व्यवस्थापकांनी नियम केला की, कारागिरांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या मुलांनाच ते विनामूल्य असेल. इतरांनी वर्षाला दोन डॉलर वर्गणी द्यावी. तार कचेरीतले पोरगे या व्याख्येत बसत नव्हते. १८५३ साली सतरा वर्षांच्या अँड्र्यूने पिट्सबर्गच्या एका दैनिकाला पत्र लिहिले आणि श्रमणारा मुलगा म्हणजे कोण, असा वाद उभा केला. उत्तर-प्रत्युत्तरे झाली. शेवटी नियम बदलला आणि त्याला प्रवेश मिळाला. दार उघडे असूनही नियमाच्या एका शब्दाने माणूस बाहेर राहू शकतो, हा दुसरा धडा.

पोलाद आणि पहिली दाने

पुढची चढण वेगवान होती. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेतील अधिकारी थॉमस स्कॉट यांनी महिना पस्तीस डॉलरवर त्याला आपल्याकडे घेतले. १८५९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कार्नेगी रेल्वेच्या पश्चिम विभागाचे अधीक्षक झाले. गुंतवणुकीतून पैसा आला, लोखंडी पुलांच्या व्यवसायातून आणखी आला. १८७५ साली ब्रॅडॉक येथे त्यांचा पोलाद कारखाना सुरू झाला आणि रेल्वेचे रूळ पुरवता पुरवता ते अमेरिकेचे पोलादसम्राट बनले.

ग्रंथालयासाठी त्यांनी पहिले दान दिले ते जन्मगावाला. डनफर्मलिनच्या ग्रंथालयाची कोनशिला १८८१ साली त्यांच्या आईच्या, मार्गारेट यांच्या, हस्ते बसवली गेली आणि १८८३ साली ते खुले झाले. १८८६ मध्ये आई आणि धाकटा भाऊ यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी लुईझ व्हिटफील्ड यांच्याशी विवाह केला. १८८९ साली त्यांनी संपत्तीविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. धनिकाने आपल्या हयातीतच शिल्लक संपत्ती समाजासाठी खर्च करावी, श्रीमंत म्हणून मरणे ही नामुष्की समजावी, असे त्याचे सार होते.

त्याच वर्षी ब्रॅडॉकमध्ये अमेरिकेतील पहिले कार्नेगी ग्रंथालय उघडले. कारखान्यातून काजळी आणि घाम घेऊन येणाऱ्या कामगारासाठी तळघरात स्नानगृह होते. आधी अंग धुवावे आणि मग वाचावे किंवा खेळावे, अशी योजना. पुढे तेथे नाट्यगृह, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही आला. आज ज्याला आपण समाजकेंद्र म्हणतो, त्याचेच ते रूप होते. पाठोपाठ १८९० मध्ये अ‍ॅलेघनीचे ग्रंथालय राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या उपस्थितीत खुले झाले. ज्या कर्नल अँडरसन यांनी आपल्याला पुस्तके दिली, त्यांचे स्मारक कार्नेगी यांनी १९०४ साली याच ग्रंथालयासमोर उभारले.

एका नजरेत मावणारी खोली

त्या काळची ग्रंथालये आजच्यासारखी नव्हती. बहुतेक ठिकाणी पुस्तके कठड्यापलीकडे, वाचकाच्या नजरेआड असत. वाचकाने यादीत नाव शोधायचे, क्रमांक टिपायचा, कठड्याशी जाऊन मागणी नोंदवायची आणि वाट पाहायची. ब्रिटनमध्ये तर पुस्तक आत आहे की बाहेर गेले आहे, हे दाखवणारी दुरंगी पट्ट्यांची भली मोठी चौकट कठड्यावर बसवलेली असे. ज्याला आपल्याला काय हवे आहे हे नेमके ठाऊक आहे, त्याचे काम यातून होई. ज्याला ते ठाऊक नाही, ज्याने पुस्तक हाताळूनच निवडायचे आहे, त्याला ही रचना निमूटपणे बाहेर ठेवत असे. अमेरिकेतील जुन्या, श्रीमंतांच्या स्मारकासारख्या ग्रंथालयांत उंच गॅलऱ्या, शेकोट्या आणि काळोखे कोनाडे असत. तेथे पाऊल टाकताना सामान्य माणूस दबून जाई.

आरंभीची काही कार्नेगी ग्रंथालयेही याच थाटाची होती. बदल घडला तो देणग्यांची संख्या वाढल्यावर. १९०१ साली कार्नेगी यांनी आपला सारा पोलाद व्यवसाय जे. पी. मॉर्गन यांच्या गटाला ४८ कोटी डॉलरना विकला आणि ते दानधर्माकडे वळले. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराला ६५ शाखा ग्रंथालयांसाठी त्यांनी ५२ लाख डॉलर देऊ केले. देशभरातून गावोगावची पत्रे येऊ लागली. अट साधी होती. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी करातून उभी करायची. इमारत कार्नेगींची, पण पुस्तके, पगार आणि दिवाबत्ती गावाची.

हा सारा पत्रव्यवहार जेम्स बर्ट्रम हे त्यांचे स्कॉटिश चिटणीस पाहत. बर्ट्रम काटेकोर आणि कमालीचे काटकसरी. गावांना देणगी मिळाली की स्थानिक वास्तुविशारद घुमट, खांब आणि भव्य जिने यांवर पैसा उडवतात आणि पुस्तकांना जागा उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून ते नकाशे स्वतः तपासू लागले आणि १९११ साली त्यांनी ग्रंथालयाच्या बांधणीविषयी एक छोटी पुस्तिका काढली. सोबत नमुन्याचे सहा नकाशे जोडलेले होते.

पुस्तिकेतल्या सूचना अगदी व्यवहारी होत्या. इमारत आयताकार, एक मजला आणि खाली तळघर. मुख्य मजल्याची उंची बारा ते पंधरा फूट. मागच्या आणि बाजूच्या खिडक्या जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर, म्हणजे त्यांच्याखाली भिंतभर पुस्तकांची कपाटे सलग लावता येतील. आत भिंती शक्यतो नकोत. विभाग पाडायचे तर बुटक्या कपाटांनी. आणि मध्यवर्ती टेबलाशी बसलेल्या एकाच ग्रंथपालाला सारे ग्रंथालय दिसले पाहिजे.

या शेवटच्या सूचनेमागे काटकसर होती. लहान गावाला दुसरा नोकर परवडणारा नव्हता. परंतु तिचा परिणाम काटकसरीपलीकडे गेला. दारातून आत आलेल्या माणसाला समोरच ग्रंथपालाचे टेबल दिसे. एका हाताला प्रौढांची, दुसऱ्या हाताला मुलांची बैठक आणि भोवती पुस्तकांनी भरलेल्या भिंती. सारे ग्रंथालय एका नजरेत मावत असे. बाणांची, फलकांची किंवा नोकराची गरज नव्हती. ज्याला धड वाचता येत नाही, ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, असा युरोपातून नुकताच आलेला कामगारसुद्धा येथे चुकत नसे. कोणाला विचारायचे हे उघड होते आणि न विचारताही पुस्तकापर्यंत जाता येत होते.

पूर्वी बऱ्याच ग्रंथालयांत स्त्रियांसाठी निराळी वाचनखोली असे. भिंतींशिवायच्या नव्या आराखड्यात ती मागे पडली आणि स्त्रिया व पुरुष एकाच दालनात बसू लागले. मुलांना तर प्रथमच हक्काची जागा मिळाली. त्यांच्या उंचीच्या मेज-खुर्च्या, त्यांच्या हाताला येणारी कपाटे आणि प्रौढांच्या दालनाशी बरोबरी साधणारी अर्धी इमारत. मध्यभागी बसलेली ग्रंथपाल बहुधा स्त्रीच असे.

या मोकळेपणाला दुसरी बाजूही होती. जिला सर्व दिसते, तिच्या नजरेतून कोणी सुटत नाही. मदतीची आणि पाळतीची नजर एकाच टेबलावरून फिरत असे. अबिगेल व्हॅन स्लायक या वास्तुइतिहासकार विदुषीने १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कार्नेगी ग्रंथालयांच्या नकाशांचा बारकाईने अभ्यास मांडला आणि या इमारतींकडे बघण्याची अभ्यासकांची दृष्टीच बदलली. खोलीची मांडणी हीदेखील एक समाजव्यवस्था असते, हे त्या नकाशांवरून कळते.

पायऱ्यांचे कोडे

आता त्या दारापुढच्या पायऱ्यांकडे वळू. अमेरिकेतल्या बहुतेक कार्नेगी ग्रंथालयांचे चित्र डोळ्यांपुढे आणले की दर्शनी भागी मधोमध दार आणि त्याकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या दिसतात. ज्ञान मिळवायचे तर वर चढावे लागते, असा प्रतीकात्मक अर्थ त्यांना चिकटला आहे. परंतु त्यांचे मूळ हिशेबात आहे. बर्ट्रम यांच्या सूचनेनुसार तळघराची उंची नऊ ते दहा फूट असायची आणि ते जमिनीच्या पातळीखाली साधारण चार फूटच जायचे. तेथे व्याख्यानाची खोली असे, तिला उजेड आणि हवा हवी होती. शिवाय खोदकामही वाचत असे. म्हणजे मुख्य मजला जमिनीपासून पाच-सहा फूट उंच गेला. पाच-सहा फूट म्हणजे दहा-बारा पायऱ्या.

आतमध्ये एकही अडथळा नको म्हणून झटणाऱ्या आराखड्याने अशा रीतीने सर्वांत मोठा अडथळा दाराबाहेर उभा केला. कुबड्या घेऊन चालणारा, चाकाच्या खुर्चीत बसणारा, गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलत येणारी आई यांच्यासाठी ते सुटसुटीत दालन डोळ्यांसमोर असूनही दूर होते. त्या काळी अपंग माणूस सार्वजनिक जागी येईल, असे फारसे कोणी गृहीतच धरत नसे. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. नकाशा काढणाऱ्याच्या मनात वाचकाचे जे चित्र होते, त्या चित्रातला वाचक दोन पायांनी चढणारा होता, एवढेच.

हे चित्र बदलायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. अपंगांना वापरता येतील अशा इमारतींसाठीचे अमेरिकेतले पहिले मानक १९६१ साली आले. संघराज्याच्या पैशातून होणाऱ्या इमारतींमधले अडथळे दूर करणारा कायदा १९६८ मध्ये आणि अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा व्यापक कायदा १९९० मध्ये झाला. मग जुन्या कार्नेगी ग्रंथालयांपुढे पेच उभा राहिला. दर्शनी रूप हे गावाचे भूषण, ते मोडवत नाही, आणि पायऱ्या ठेवाव्यात तर काही वाचक बाहेरच राहतात. कोठे बाजूने उतार बांधला गेला, कोठे उद्वाहन बसवले गेले, कोठे मागे नवे दालन जोडून जमिनीच्या पातळीवर दार काढले गेले.

यात एक नवी गंमत झाली. जुन्या आराखड्याची सारी स्पष्टता मधल्या दारावर अवलंबून होती. त्या दारातून येणाऱ्यालाच समोर टेबल आणि दोन्ही हातांना दोन दालने दिसत. मागच्या किंवा बाजूच्या दाराने आलेल्याला तळघरातली बोळकांडी आणि उद्वाहनाचा दरवाजा दिसतो. तेथून वाट काढायला फलक लागतात. प्रवेश मिळाला, पण एका नजरेत सारे समजण्याचे सुख गेले. शिवाय काहींनी पुढच्या दाराने यावे आणि काहींनी मागच्या, ही वाटणी मनाला बोचते ती निराळीच. नव्या जोडणीत सर्वांसाठी एकच दार ठेवले, तर ही बोच नाहीशी होऊ शकते.

दाराबाहेर राहिलेले

पायऱ्यांशिवायही अडसर होते आणि ते अधिक कठोर होते. १८९२ साली कार्नेगींच्या होमस्टेड येथील कारखान्यात कामगारांचा संघर्ष पेटला. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये होते. कारभार हेन्री क्ले फ्रिक यांच्या हाती होता आणि संघटना मोडून काढण्याच्या धोरणाला कार्नेगींची संमती होती. खासगी सशस्त्र पहारेकरी आणि कामगार यांच्यात ६ जुलैला चकमक झाली, तीत दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली आणि संघटनेचा पाडाव झाला. होमस्टेडचे भव्य ग्रंथालय सहा वर्षांनी, १८९८ मध्ये उघडले. बारा-बारा तास भट्टीसमोर उभा राहणारा माणूस पुस्तक केव्हा वाचणार, हा कामगारांचा सवाल होता. मोकळा वेळ नसेल तर उघड्या दाराचा उपयोग नाही, हे बारा तास रिळे वाहिलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. काही गावांनी आणि कामगार संघटनांनी या पैशाला विरोध केला. १९०१ साली देऊ केलेली देणगी डेट्रॉईट शहराने वादविवादानंतर १९१० मध्ये स्वीकारली.

दुसरा अडसर वर्णाचा. अटलांटा शहरातले कार्नेगी ग्रंथालय १९०२ साली उघडले ते केवळ गोऱ्यांसाठी. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी कृष्णवर्णीय नागरिकांचे शिष्टमंडळ नेऊन विश्वस्तांना जाब विचारला. त्या शहरात कृष्णवर्णीयांसाठी शाखा उघडायला १९२१ साल उजाडले. लुईव्हिल शहरात १९०८ मध्ये कार्नेगींच्या पैशातून कृष्णवर्णीयांसाठी निराळी शाखा उभी राहिली. थॉमस फाउंटन ब्लू हे तेथील कृष्णवर्णीय ग्रंथपाल. त्यांनी ती शाखा वस्तीचे खरेखुरे केंद्र बनवली आणि तेथेच कृष्णवर्णीय ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणही सुरू केले. विषमतेच्या पोटात त्यांनी आपली जागा तयार केली, हे खरे. पण ती विषमता मोडण्यासाठी कार्नेगींनी आपल्या देणगीला अट घातली नाही, हेही तितकेच खरे. दहा टक्क्यांची अट त्यांनी काटेकोरपणे पाळून घेतली. सर्वांना एकाच दाराने येऊ द्या, अशी अट घालणे त्यांच्या हाती होते. वॉशिंग्टनमध्ये १९०३ साली खुल्या झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात कृष्णवर्णीयांनाही मुक्त प्रवेश होता, म्हणजे तसे घडणे अशक्य नव्हते.

बडोद्याचा धागा

कार्नेगी ग्रंथालये अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाबाहेरही गेली. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फिजी, इतकेच काय, मॉरिशसमधल्या क्युरपीप गावीही त्यांच्या देणगीचे ग्रंथालय आहे. स्वतः कार्नेगी १८७८-७९ च्या जगप्रवासात भारतात येऊन मुंबईही पाहून गेले होते. आपल्याकडे त्यांची इमारत आली नाही, पण त्या चळवळीतली कल्पना आली, आणि ती आणली एका मराठी माणसाने.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावी जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या अमेरिकाभेटीत तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. खेड्यातल्या माणसालाही पुस्तक विनामूल्य मिळते, हे त्यांना भावले. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, जिल्हा व गावपातळीवरची ग्रंथालये आणि फिरत्या पुस्तकपेट्या यांचे जाळे विणले गेले. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. ग्रंथालयांना वाहिलेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक बडोद्याहून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. अमेरिकेत स्त्रियांची वेगळी खोली मागे पडत असताना बडोद्यात स्त्रियांचा वेगळा विभाग उघडला, हा विरोधाभास वाटेल. पण पडदा पाळणाऱ्या घरातील स्त्रीला पुस्तकापर्यंत आणणारी वाट त्या वेळी तीच होती. सर्वसमावेशक आराखडा ठिकाणानुसार बदलतो, तो असा.

अखेर

अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी नव्या देणग्या देणे १९१७ साली थांबले. ११ ऑगस्ट १९१९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे कार्नेगी यांचे निधन झाले. तोवर सुमारे ३५ कोटी डॉलर, म्हणजे संपत्तीचा जवळपास नव्वद टक्के भाग, त्यांनी देऊन टाकला होता. त्यातले ५ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलर ग्रंथालयांच्या इमारतींसाठी गेले. २५०९ पैकी सुमारे १६८० इमारती अमेरिकेत होत्या. त्यांतल्या कित्येक अजून ग्रंथालये म्हणूनच चालतात, काही पाडल्या गेल्या, तर काहींचे रूपांतर झाले. वॉशिंग्टनच्या त्या इमारतीत २०१९ साली अ‍ॅपल कंपनीचे दालन सुरू झाले.

मात्र त्यांच्या सर्व दानांमध्ये त्यांना सर्वांत प्रिय होते ते एक निराळेच. ज्या पिटनक्रीफच्या फाटकाबाहेर लहानपणी त्यांना उभे राहावे लागले, ती सारी इस्टेट त्यांनी १९०२ साली विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी डनफर्मलिनच्या गावकऱ्यांना देऊन टाकली. आज ती गावाची सार्वजनिक बाग आहे.

आपल्याकडेही ग्रंथालये, समाजमंदिरे, नाट्यगृहे आणि पालिकांची नागरी केंद्रे बांधली जातात. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आता अशा इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यास सांगतो. पण कायद्याची पूर्तता म्हणून मागच्या बाजूला एक उतार बांधून मोकळे होणे आणि नकाशा काढतानाच सर्वांसाठी एकच सोपे दार आखणे यांत फार अंतर आहे. जिन्याने पहिल्या मजल्यावर नेऊन बसवलेले वाचनालय, कठड्याआड कुलूपबंद पुस्तके आणि कोणत्या खिडकीशी जायचे हे न कळून दारातच घुटमळणारा नागरिक, ही दृश्ये आपल्याला परकी नाहीत. इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी टेबलावर येतो, तेव्हाच त्यावर बोट ठेवून एक नवखा वाचक दारापासून पुस्तकापर्यंत चालवून पाहिला पाहिजे. मग दुसरा, चाकाच्या खुर्चीतला. मग तिसरी, कडेवर मूल घेतलेली. बोट अडेल तेथली रेघ बांधकाम सुरू होण्याआधी खोडता येते.